उस्तादांचा वाघ

दारव्ह्याहून यवतमाळची पहिली गाडी सुटायला अजून पाऊण तास होता आणि मी फलाटावर सातवी फेरी मारत होतो. सगळी नोकरी मीच गाड्या सोडण्यात घालवली. दुसऱ्या कुणी गाडी सोडायची वाट बघणं मला या वयातही जमत नाही. रहीमभाई मात्र मांडीवर पिशवी घेऊन बाकावर निवांत बसले होते. मी कंडक्टर, ते ड्रायव्हर. बारा वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. ते मला मास्तर म्हणतात, मी त्यांना उस्ताद. आता दोघंही निवृत्त, आणि दोघं मिळून निघालो होतो पांढरकवड्याच्या पलीकडच्या अभयारण्यात वाघ बघायला.

वाघ बघायचा होता तो उस्तादांना. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. कडेचं दिसणं गेलंय, मधलं तेवढं उरलंय. नळीतून बघावं तसं समोरचं एवढंसं दिसतं, आणि ती नळीही दर सहा महिन्यांनी बारीक होते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिसऱ्या दिवशी उस्ताद मला म्हणाले, "मास्तर, एक वाघ राह्यला नं आपला."

तो वाघ राहिला होता माझ्यामुळे, आणि हे त्यांना ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो. पुष्कळ वर्षांपूर्वी याच रस्त्यावर एका फाट्यावर म्हातारीला चढवून घेतलं आणि दार ओढताना मला वाघ दिसला. गाडीच्या मागे, डाव्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली उभा. मी इतका घाबरलो, की तोंडातून शब्द फुटला नाही. दोरी ओढून डबल (गाडी काढायची दोन टोल्यांची घंटी) दिली आणि उस्तादांनी गाडी काढली. पुढच्या थांब्यावर म्हातारीनं सगळ्या गाडीला वाघ सांगितला. उस्तादांनी मला विचारलं, तर मी सरळ म्हणालो, मला नाही दिसला. घाबरलो म्हणायची लाज वाटली. तेव्हापासून ते त्या फाट्याजवळ गाडी हळू करायचे आणि मी दुसरीकडे बघायचो.

गाडीत उस्तादांनी ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. मी चार जागा बदलल्या. एका जागी ऊन, एका जागी खिडकी खडखडणारी, एका जागी बोलघेवडा शेजारी. खरं म्हणजे बूड टेकत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता, पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) उपटून वावरं (शेतं) मोकळी झाली होती. मी उभा राहिलो की बोट आपोआप दांडीवर वाजायचं. ही माझी जुनी खोड. पूर्वी तिकिटं टोचायचा चिमटा होता, तो दांडीवर टकटकवत गर्दीतून वाट काढायची. मशीन आलं, चिमटा गेला, मग मी अंगठी वाजवू लागलो. गाडीचा कंडक्टर पोरगेलासा होता. त्यानं दोनदा मागे वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "काका, घंटी मले वाजवू द्या नं."

पांढरकवड्याला पोचलो तेव्हा उन्हाचा कडाका होता. लॉजवर सामान टाकून एका खानावळीत ज्वारीची भाकर आणि पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची झणझणीत आमटी) खाल्ला. उस्तादांनी सावकाश, घास चावून खाल्ला. माझं ताट त्यांच्या आधी दहा मिनिटं रिकामं झालं होतं आणि मी हात धुऊन दारात उभा होतो. खानावळवाल्या बाईंनी विचारलं, गाडी चुकते का तुमची? मी म्हटलं, आमची गाडी तीन वाजता आहे, जंगलात. त्या म्हणाल्या, मग अजून दोन तास आहेत, बसा की. पण मी बसलो नाही.

आणि एवढी घाई करून फाटकावर काय झालं? ओळखपत्र मागितलं, आणि माझं लॉजवरच्या दुसऱ्या पिशवीत. रिक्षा करून गेलो, आलो. बाकीच्या जीपगाड्या आत जाऊन धुरळाही बसला होता. उस्ताद आमच्या जीपमध्ये एकटे बसून ड्रायव्हरला इंजिनाबद्दल काहीतरी समजावत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आमचा गाइड टेकाम, साठीचा गोंड माणूस, खाकी शर्टाची वरची गुंडी लावलेला. त्यानं आधी नियम सांगितले: खाली उतरायचं नाही, ओरडायचं नाही, फोन बंद. मग उस्तादांकडे बघून विचारलं, यांना कमी दिसतं का? मी सगळं सांगितलं. त्यानं उस्तादांना पुढच्या बाकावर मधोमध बसवलं आणि म्हणाला, पुल्ली (गोंडीत वाघ) बाजूला असला तर काही उपयोग नाही, वाटेवर समोर आला पाहिजे. त्याच्याइतकं नेमकं डॉक्टरही बोलले नव्हते.

पहिल्या फेरीत वाघ नव्हता. नीलगाई होत्या, चितळं होती, एक मोर जीपच्या पुढे बराच वेळ मुकादमासारखा चालला. सागाची पानगळ झालेली, त्यामुळे सगळं जंगल उघडं आणि खरखरीत. मी डावीकडे बघे तोवर वाटे उजवीकडे काही हललं, उजवीकडे बघे तोवर डावीकडे. उस्ताद समोर बघत होते. ज्याला एवढंसंच दिसतं तो शांत, आणि ज्याला चारी बाजू दिसतात तो हैराण.

तळ्याकाठी टेकामनं जीप थांबवली. झुडपांत दगडी चौथरा होता, पुरुषभर उंच, पायऱ्या ढासळलेल्या. इथे राजाचं मचाण असे, तो म्हणाला. हे सगळं जंगल तेव्हा राजाचा शिकारखाना. कोणता राजा, ते त्याला सांगता येईना, फाटकावरच्या फलकावरही नुसतं 'राजघराणं' एवढंच होतं. पण राजासाठी हाका उठवणारी माणसं कोण होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेदीडशे माणसं ढोल, डबे बडवत वाघाला पुढे काढायची. त्यात टेकामचा आजा होता, पण तो बडवणाऱ्यांत नव्हता. त्याचं काम झाडावर बसायचं.

"वाघ वरडल्यानं वळत नाही," टेकाम म्हणाला. "वरडलं तं खवळते. माहा आजा झाडावर चुपचाप बसे. वाघ मचाण सोडून दुसरीकडं निघाला, का खोडाले कुऱ्हाडीच्या दांड्यानं टकटक करे. फक्त दोनदा. वाघ मनते, हे काय आहे, अन् माघारी वळते."

"अन् राजाची गोळी खाते," उस्ताद म्हणाले.

"हो. आजा म्हातारपणी कोणाच्या दारावर टकटक करत नव्हता. बाहेरून हाक मारे."

लॉजवर मला झोप आली नाही. मला त्या आज्याची गोष्ट आवडली नव्हती. उस्ताद शेजारच्या खाटेवर शांत झोपले होते. दुसऱ्या दिवशीची एकच फेरी हातात होती आणि तीही गेली तर पुन्हा येईतो नळी किती उरेल, हा हिशेब डोक्यातून जाईना.

सकाळी ओळखपत्र रात्रीपासूनच खिशात होतं. फाटक उघडताना आमची जीप पहिली. हवा गार होती, मोहाची फुलं वाटेवर पडलेली, त्यांचा गोड उग्र वास. अर्ध्या तासात टेकामनं हात वर केला. दूर चितळ ओरडलं, मग वानर. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मी मागच्या बाकावर उभा, दांडी धरून.

ती मला सगळ्यांच्या आधी दिसली. वाघीण, डाव्या अंगाच्या गवतातून वाटेकडे येत होती. घाई नाही, भीती नाही. वीसेक पावलं चालली असती तर थेट जीपच्या समोर, वाटेच्या मधोमध, उस्तादांच्या नळीत आली असती. टेकामनं उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना समोर रोखून बसवलं. दहा पावलं उरली असतील. आणि दांडीवर टक टक वाजलं.

दोनच टोले. माझी अंगठी, माझं बोट. मी वाजवायचं ठरवलं नव्हतं, पण वाजलं.

वाघीण थांबली. मान वळवून आमच्याकडे बघितलं, रागानं नाही, काय आहे हे, एवढ्यापुरतं. मग वळली आणि डावीकडच्या घाणेरीच्या झुडपांत शिरली. पानंही फारशी हलली नाहीत.

टेकामनं माझ्या हाताकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. उस्ताद अजून समोरच बघत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

त्या क्षणी खोटं बोलणं किती सोपं होतं. चितळ होतं म्हणायचं. टेकामही काही बोलला नसता.

"वाघीण होती, उस्ताद," मी म्हणालो. "वाटेवर येत होती. माझी अंगठी वाजली."

उरलेली फेरी आम्ही अख्खं जंगल पालथं घातलं, दोन्ही तळी, नाल्याचा काठ. ती पुन्हा दिसली नाही. फाटकावर टेकामनं उस्तादांचा हात धरून त्यांना उतरवलं. मला म्हणाला, पावसाळ्याच्या आंधी एकदा या. मी मान खाली घालूनच हो म्हटलं.

परतीच्या गाडीत मी एकाच जागी बसलो, उस्तादांच्या शेजारी. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तो जुना फाटा आला. मोहाचं झाड अजून आहे. मी सांगून टाकलं, की त्या दिवशी मी वाघ बघितला होता, घाबरलो होतो, आणि तुमच्याशी खोटं बोललो.

उस्ताद खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "मले ठाऊक आहे."

"म्हातारीनं सांगितलं?"

"तुह्या डबलनं सांगतलं. बारा वर्सं तुही घंटी ऐकली मी, मास्तर. एक टोला, मंग जराशी जागा, मंग दुसरा. त्या दिवशी मधात जागाच नव्हती. मले समजलं, मांगं काहीतरी आहे, अन् तू भेला आहेस. म्हून गाडी काढली. तू सांगशीन म्हून वाट पाह्यली."

एवढी वर्षं हा माणूस माझ्यासोबत चहा पीत होता, माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या गाड्या लावत उन्हात उभा होता, आणि वाट बघत होता.

"आजची डबल तशीच होती," ते पुढे म्हणाले. "मले तवाच समजलं, वाघ आला. मी झटकन मान वळवली. शेपूट दिसलं नं मले. उजव्या बाजूले गेली. एवढं दिसलं, पुष्कळ झालं. आता तू हात मोकळे कर."

वाघीण डावीकडे गेली होती. उस्तादांनी मान वळवलीच नव्हती, टेकामचा हात त्यांच्या खांद्यावर होता. त्यांना शेपूट दिसलं नव्हतं, काहीच दिसलं नव्हतं. माझ्यासाठी ते खोटं बोलत होते, आणि आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला खोटंही नीट बोलता येत नव्हतं. मी हो म्हणालो असतो तर दोघांचंही भागलं असतं. यवतमाळ आलं, गाडी बदलली, दारव्ह्याची पाटी दिसू लागली, तरी मी घुटमळत होतो. स्टॅंडवर उतरल्यावर त्यांची काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "उस्ताद, ती डावीकडं गेली."

ते थांबले. मग हसू लागले, खांदे हलवत, आवाज न करता, जसे पूर्वी घाटात गाडी नीट चढली की हसायचे.

"मंग काहीच नाही दिसलं मले," ते म्हणाले. "चाल, पुन्हा जाऊ. पण लवकर."

मे महिन्यातल्या दोन फेऱ्या मी दुसऱ्याच दिवशी ठरवल्या. टेकामला निरोप दिला, उस्तादांना मधोमधच बसवायचं आहे. अंगठी साबण लावून काढली आणि बायकोकडे दिली. ती म्हणाली, लग्नातली आहे, काय वेड लागलं? मी म्हटलं, उस्तादांना वाघ दिसला की परत घालीन. हे लिहितानाही टेबलावर बोट वाजतंय, दोनदा, मध्ये जागा न सोडता. पण आता आवाज येत नाही.