गिनीपिगची वही

आमच्या शेजारच्या बाईंइतकं बेधडक चुकीचं स्पॅनिश माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत कुणी बोलत नसेल. बाई मूळच्या नागपूरच्या. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, माझ्या मुलीच्या प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट. शाळेत स्पॅनिश बोलणारी मुलं येऊ लागली आणि बाईंनी कुणी न सांगता ती भाषा अंगावर घेतली. व्याकरण त्यांना पाहून रस्ता बदलायचं. "एका मापाचा ब्लाउज सगळ्यांना बसतो का रे?" म्हणत त्यांनी प्रत्येक मुलाची वेगळी वही केली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे इंग्लिश, विषय त्या मुलाच्या घरातला. डावं पान लिहून घ्यायला त्या मुलांच्या आयांना लॉन्ड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, गाठायच्या. बाईंची क्रियापदं दुरुस्त करता करता एका माउलीने तेच कपडे तीनदा धुतले आणि पोराचा युनिफॉर्म बाहुलीला बसेल एवढा झाला, हे मी शपथेवर सांगतो.

इक्वेडोरहून आलेली एक मुलगी चार महिने वर्गात एक अक्षरही बोलली नव्हती. बाईंनी शोध लावला की तिचे आजोबा गिनीपिग पाळतात. झालं, गिनीपिगची वही! रोज अर्धा तास दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या. आणि एका सोमवारी पोरगी वर्गासमोर उभी राहिली आणि आजोबा ते गिनीपिग कसे भाजतात, वर कुठला मसाला चोळतात, हे तिने खणखणीत इंग्लिशमध्ये सांगितलं. वर्गाचा लाडका गिनीपिग पिंजऱ्यातून ऐकत होता. तीस मुलांनी असा गळा काढला की ढग गडगडले समजून पार बर्मिंगहॅमला लोकांनी छत्र्या उघडल्या.

पालकांच्या तक्रारी आल्या. गव्हर्नर्सच्या, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाच्या, मीटिंगमध्ये ठराव आला: एकेका मुलाचे हे अर्धे तास बंद, सगळ्यांना एकत्र, फक्त इंग्लिश. मी त्यात पालकांचा प्रतिनिधी, पेरेंट गव्हर्नर, त्या टेबलाभोवती एकटाच देशी. ती पोर चार महिन्यांनी बोलली, एवढंच सांगायचं होतं. पण हा आपल्या बाईंची बाजू घेतो असं कुणाला वाटू नये, म्हणून ठरावाच्या बाजूने सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. एरवी एकाच्या दहा करून सांगणारा मी; खरी होती ती एक गोष्ट गिळली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुंपणावरून विचारलं, "काहून रे, तू पण?"

"बाई, आपलं माणूस म्हणून सांभाळून घेतलं, असं म्हणाले असते..."

"मला कशाला सांभाळतो बापा? मी का मुकी आहे?"

ती मुलगी वर्गात पुन्हा गप्प असते म्हणे. शाळेच्या गेटपाशी मी 'हॅलो' म्हणतो, ती नुसती मान हलवते. परवा मात्र बाई दिसल्या आणि ती त्यांच्याकडे धावत सुटली. दोघी अखंड बडबडत बसस्टॉपकडे निघाल्या. मी चार पावलं मागे राहिलो. काय चाललंय एवढं, असं विचारायला मला तोंड नव्हतं.