पहाटे पाचचे व्याही

मार्चच्या शेवटच्या बुधवारी माझ्या मुलीने आणि आमच्या व्याह्यांच्या मुलाने मायामीत घटस्फोटाच्या कागदांवर सह्या केल्या आणि त्या दिवसापासून आमचे व्याही आमचे व्याही राहिले नाहीत. मुलीने हे फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणालो. वर्षभर दोघं वेगळी राहत होती, भांडणतंटा नव्हता आणि तिचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा लागला होता. त्यामुळे फोन ठेवल्यावर मला दुःखापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं. काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. शुक्रवारी पहाटे पाच वाजता व्याही येतील का?

ही काळजी समजायची तर आधी आमचे व्याही समजले पाहिजेत. हरलेल्या संघावर त्यांच्याइतका जीव लावणारा माणूस सबंध नागपुरात सापडणार नाही, आणि नागपूरबाहेर शोधायची मला गरज वाटत नाही. त्यांचा खेळ बास्केटबॉल. घराणं उमरेडच्या विणकरांचं. आजोबांचे चार माग होते, वडिलांच्या वेळी एक उरला, आणि हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून लागले तेव्हा तोही विकला गेला. तिथल्या कॉलनीत त्यांना सिमेंटचं एक मैदान आणि जाळी नसलेली एक लोखंडी रिंग सापडली. उंची पाच फूट चार इंच. त्या उंचीवर त्यांनी कॉलनीच्या संघातून एकोणीस वर्षं खेळून दाखवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं संघ हरला. उंचीबद्दल कोणी बोललं की ते शांतपणे समजावतात, "बास्केटबॉल म्हणजे माग होय, इवाई. बॉल म्हणजे धोटा. धोटा इकडून तिकडे पळत राह्यला पाह्यजे. एकानं हातात धरून ठेवला की कापड गेलं. मागावर बसणारा माणूस कधी उंच पाह्यला का तुम्ही?" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला पहिल्या भेटीपासून इवाई म्हणत आले. माझं नाव त्यांना माहीत आहे की नाही याची मला आजही खात्री नाही.

संघ जिंकला तर त्यांना बोलायला काही सुचत नाही. "जिंकले. आता काय बोलाव?" एवढं म्हणून ते चप्पल घालतात. हरला की मात्र बैठक जमते. कोणी कुठे पास द्यायला हवा होता, कोणाचा पाय आधी उचलला गेला, कोणाच्या आईने त्याला लहानपणी दूध कमी दिलं असणार, असं सगळं क्रमाने चालतं. मैदानावरच्या सवयी त्यांनी घरी, बाजारात आणि बँकेतही आणल्या आहेत. कुठेही आवाज चढले की ते दोन हातांचा इंग्रजी टी करून, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवायची खूण करून, "टाइमआउट" म्हणतात. आमच्या मुलांच्या लग्नात फोटोत पुढे कोणी उभं राहायचं यावरून दोन्हीकडच्या आत्याबाई हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा वरपिता स्टेजवर चढले, दोघींच्या मधे उभे राहिले आणि त्यांनी तो टी केला. दोन्ही आत्याबाई त्याचा अर्थ काय असावा या विचारात गप्प झाल्या. तेवढ्यात फोटोग्राफरने काम उरकलं. तो फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात सगळे नीट उभे आहेत आणि मधोमध व्याह्यांचे दोन हात आहेत.

माझी पत्नी गेली तेव्हा मुलांच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. मला गप्प बसायला मदत लागत नाही. तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि मी पुस्तकं घेऊन बसलो. पंधरवड्याने एका पहाटे पाच वाजता बेल वाजली. दारात व्याही, हातात थर्मास. म्हणाले, "आपल्या पोरांच्या गावच्या टीमची मॅच हाये. आमच्या घरचा टीव्ही लहान हाये, इवाई. बॉल दिसतच नाही." मायामीत संध्याकाळी खेळ सुरू होतो तेव्हा नागपुरात पहाट असते. मी दार उघडून बाजूला झालो. त्या दिवशी संघ हरला आणि ते दहा वाजेपर्यंत बोलत होते. त्यानंतर तीन हंगाम, सामना असेल त्या पहाटे, महाल भागातल्या त्यांच्या घरून त्रिमूर्तीनगरात माझ्याकडे स्कूटरने ते येत राहिले. मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण पाचला कोणीतरी येणार म्हणून मी चारला उठू लागलो, अंघोळ करू लागलो, आणि एकदा तर त्यांच्या आधी मीच टीव्हीतल्या एका सहा फूट दहा इंची माणसाला "पास दे ना बे" म्हणालो. व्याह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि थर्मासमधला चहा माझ्या कपात आणखी ओतला.

मधल्या काळात ते आणि आमच्या विहीणबाई तीन महिने मुलांकडे मायामीला राहून आले. समुद्र कसा आहे विचारलं तर "पाण्याचा हाये" म्हणाले. पण घराजवळच्या मैदानाशेजारी क्युबातून आलेले एक आजोबा छोटी खानावळ चालवत. यांना स्पॅनिश येत नव्हती, त्यांना मराठी येत नव्हती आणि इंग्रजी दोघांनाही बेताची. तरी रोज दुपारी आदल्या रात्रीच्या पराभवावर दोघं हातवारे करून तासन्‌तास बोलत, आणि बोलता बोलता व्याही तिथला स्वयंपाक शिकले. परत आले ते क्युबाचे होऊन. तिथल्या काळ्या घेवड्याची उसळ आणि भात हे त्यांचं रोजचं जेवण. आपल्याकडे तो घेवडा मिळेना म्हणून यांनी बरबटी, म्हणजे चवळी, घेतली. पिकल्या केळ्याचे काप तळायचे तर आपली केळी तेलात विरघळून गेली, म्हणून भाजीची केळी साल काळी पडेपर्यंत धान्याच्या डब्यात ठेवली आणि त्या डब्यातल्या गव्हाच्या पोळ्यांना महिनाभर केळ्याचा वास आला. तिथे मांसाला आंबट संत्र्याचा रस आणि लसूण चोळतात. नागपुरात राहून आंबट संत्रं कुठून आणायचं? काटोलला त्यांच्या मावसभावाची बाग आहे. भाद्रपदात कच्ची संत्री गळून पडतात आणि बागवाला डोक्याला हात लावून बसतो, तेव्हा हे पोतं घेऊन गेले. मावसभाऊ म्हणाला, "दादा, रडू का हसू?" हे म्हणाले, "तू रड. मी वेचतो."

दाबून भाजलेला पाव हा तिथला मोठा पदार्थ. त्यासाठी लागणारं यंत्र नव्हतं, म्हणून यांनी वडिलांची धोतरं कडक करायची पितळी इस्त्री काढली, कोळसे भरले आणि पाव केळीच्या पानात गुंडाळून त्यावर फिरवली. पाव उत्तम झाला. पानाच्या शिरा त्यावर उमटल्या होत्या आणि ते त्या शिरा नक्षी म्हणून दाखवत होते. सगळ्यात त्यांचा जीव मात्र एका रश्शावर. मांस शिजवून त्याचे धागे धागे करतात आणि त्या पदार्थाला तिथल्या भाषेत 'जुने कपडे' म्हणतात. विणकराच्या पोराला याहून काय हवं? मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी ते कच्च्या फणसाचे धागे काढतात. त्या स्वयंपाकावर त्यांची एकच तक्रार होती. "एवढे चांगले लोक, एवढं चांगलं जेवण, अन् तिखटच नाही. मंग माणसाले मॅच हरल्यावर घाम कायचा येईन?" ती उणीव ते भिवापुरी मिरचीने भरून काढतात. तिकडे जाताना नेलेली अर्धा किलो पूड त्यांनी निघताना क्युबाच्या आजोबांना दिली. आजोबांनी चमचाभर जिभेवर ठेवली, बराच वेळ रडले आणि मग यांना मिठी मारली. ते नेमकं कशामुळे रडले हे आम्ही ठरवू शकलेलो नाही.

तर शुक्रवारी मी चारला उठलो. पाच वाजले, सव्वापाच झाले. बेल वाजली नाही. मी सामना लावला नाही. पुढच्या मंगळवारीही तेच. मला वाटलं, साहजिक आहे. वेगळं व्हायचं पहिल्यांदा बोलली ती माझी मुलगी. मुलाच्या बापाच्या मनाला लागलं असेल, आणि मुलीच्या बापाने कोणत्या तोंडाने फोन करायचा? फोन हातात घेऊन मी दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. महिना असाच गेला. त्या महिन्यात मी भरपूर वाचलं आणि त्यातलं काही लक्षात नाही.

एप्रिलच्या शेवटी हंगामातला मोठा सामना होता. न राहवून मी एकट्याने लावला. आठ सेकंद उरली होती, आपला संघ एका गुणाने पुढे होता आणि चेंडू आपल्याच हातात होता. रेषेबाहेरून एका खेळाडूने पास दिला, तो मधेच दुसऱ्या संघाच्या पोराने पळवला, धावत जाऊन रिंगेत टाकला आणि भोंगा वाजला. एका गुणाने हरलो. मी खुर्चीतून उठून उभा होतो. शेजारच्या खुर्चीकडे वळून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर खुर्ची रिकामी. मग मी शर्ट घातला, ऑटो केला आणि महालात गेलो.

दार विहीणबाईंनी उघडलं. मला पाहून त्यांनी पदर सावरला आणि आतल्या दिशेने म्हणाल्या, "अवो, आले एकदाचे." व्याही भिंतीला टेकून खाली बसले होते. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. माझ्या टीव्हीच्या दुप्पट असेल. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. त्यांनी माझं पाहणं पाहिलं आणि नजर पंख्याकडे नेली.

"पाह्यली?" ते पंख्याला म्हणाले.

"पाहिली," मी म्हटलं. "पास उंच द्यायला हवा होता."

"उंच कायले? द्यायचाच नव्हता. एक टाइमआउट बाकी होता ना, इवाई. तो काय घरी नेऊन त्याचं लोणचं घालणार होता का कोच?"

"मला वाटलं संपले होते."

"एक होता. मी मोजून राहिलो होतो. पोट्टं घाबरलं होतं, त्याच्या डोळ्यात दिसून राहिलं होतं, अन् हा बावा हाताची घडी घालून उभा."

विहीणबाई चहा घेऊन आल्या. "अन् तुम्ही दोघं महिनाभर काय करून राहिले होते?" त्या म्हणाल्या. "यांनी इकडे हाताची घडी, तुम्ही तिकडे."

"तसं नाही," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्हाला राग आला असेल."

"राग कायचा?" व्याही म्हणाले. "पोरं समजदार हायेत. जमलं नाही, सोडलं. पण मी येणार कसा? लग्नाच्या वेळी तुम्ही आमच्या घरी नारळ घेऊन आले होते, घर आपलंच समजा म्हणाले होते. मी इतके वर्षं त्या नारळावर येऊन राहिलो होतो. सोयरीक संपली, नारळ संपला. बिनबोलावता सोयऱ्याच्या दारात आमच्यात कोणी जात नाही."

मला तो नारळ आठवत होता. पत्नीने तो हातात दिला होता आणि काय म्हणायचं तेही तिनेच पढवून पाठवलं होतं. ते आमंत्रण इतकं लांबवर चालेल हे मला माहीत नव्हतं, आणि ते संपू शकतं हेही नाही. आता मी रिकाम्या हाताने आलो होतो. तसं म्हणालो.

"थांबा," विहीणबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या, देवाजवळचा नारळ घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. "द्या आता."

"हा तं आपल्याच घरचा हाये वं," व्याही म्हणाले.

"मंग काय झालं? घेता का ठेवू चटणीले?"

ते उठले, टोपी घातली आणि दोन्ही हात पुढे केले. मी नारळ दिला. काय म्हणायचं ते मला या वेळी कोणी पढवलेलं नव्हतं. "मॅच असेल तेव्हा येत जा," मी म्हणालो. "नसेल तेव्हाही." त्यांनी नारळ कपाळाला लावला.

"आता मी तुम्हाला काय म्हणू?" मी विचारलं. "आपण व्याही तर राहिलो नाही."

"इवाईच म्हणा ना. खेळाडू टीम सोडून गेला तं पाहणाऱ्यानं घरी काहून बसाव?"

मग त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. फणस होता, संत्र्याचे दिवस नव्हते म्हणून कैरी होती, आणि तिखट इतकं की माझे डोळे वाहू लागले. त्या दोघांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. जेवणभर आठ सेकंदांची चर्चा झाली आणि कोच पूर्ण दोषी ठरला. ऑटोत बसताना मला महिन्याभरात पहिल्यांदा झोप आली होती.

मुलगी आता दुसऱ्या शहरात राहते. त्यांचा मुलगा मायामीतच आहे. दिवाळीला दोघांनी एकमेकांना फोन केला, असं कळलं. नवा हंगाम सुरू झाला आहे. गेल्या गुरुवारी संघ पुन्हा हरला. व्याही साडेदहापर्यंत बसले होते.