कोंबड्याच्या तुऱ्याला चिकटलेली गाठ

"बाई, हा कोंबड्याचा तुरा," एमआरआयच्या फिल्मवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण ते खरंच हाडाचं नाव निघालं, क्रिस्टा गॅली. कवटीच्या आत, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी हाडाची एक उभी कड असते. तिच्या दोन्ही अंगांना चाळणीसारखी भोकं, त्यातून वासाच्या नसा मेंदूकडे जातात. त्या कडेला माझी गाठ चिकटली होती. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाची गाठ. कॅन्सरची नव्हती.

आमची सोनईजवळ शेती, घरचा कांदा. जाळीच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला, की मी दारातूनच वासावर सांगायचे. "हिचं नाक म्हंजी मशीन हाय," आमचे मालक येईल त्याला सांगायचे. यंदा मी "चांगला हाय" म्हणाले, म्हणून कुणी कांद्याला हातच लावला नाही. चाळ उघडली तर निम्मा कांदा पाणी होऊन वाहत होता, आणि मला कसलाच वास नव्हता!

तरी आम्ही सर्दी समजून वाफा घेत बसलो. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधुक झालं, तेव्हा कुठं नगर गाठलं. बायांनो, तुम्ही एवढी वाट बघू नका.

"गाठ काढली तर नजर वाचेल," डॉक्टर म्हणाले. "वास परत येईल असं मात्र सांगत नाही."

ऑपरेशन झालं. नजर वाचली, डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. पण घरी आल्यावर रोज लसूण, कापूर, मिळेल ते नाकाला लावून बघायचे. काही नाही. लई वैताग आला. जिचं नाक गेलं तिला घरात कोण विचारतंय, हेच डोक्यात घोळायचं.

परवा राहिलेला कांदा बघायला सून माझ्यापुढं चाळीत शिरली. हिला दूध करपलेलं कळत नाही म्हणून मी किती तोंड वाजवलंय! ती मध्येच थांबली. "आत्या, हितं वास येतोय." मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. हात ओला झाला.

"आता चाळ तूच बघ गं," मी म्हणाले.

"वास मी घेते," ती नाकाला पदर लावून म्हणाली, "पण सडका कांदा मला न्हाई धरवत. त्यो तुमीच काढा."

"नखरे बघा हिचे!" म्हणत मी पदर खोचला आणि खाली बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी अख्खी चाळ निवडली.