विजूकाकूंच्या टपालपेटीवरचं दुसरं नाव

तुमच्या टपालपेटीवर, तुमच्या नावाखाली, आणखी एका नावापुरती जागा आहे का? ब्राउनश्वाइगमध्ये घर करून राहिलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे विचारते आहे, आणि रागानेच विचारते आहे. पाच आठवड्यांपूर्वी म्युनिकहून नीलचा फोन आला. विजूकाकूंचा हा मुलगा आमच्या मराठीला कायम जर्मनमध्ये उत्तरं देत आला. त्या दिवशी मात्र अडखळत मराठीत म्हणाला, "आई गेली..."

माहितीपुस्तिकेत आमचं हे विद्यापीठाचं शहर फार देखणं दिसतं. चौकातला ब्राँझचा सिंह, जुन्या गावाला वळसा घालणारी ओकर नदी, सायकलींवरून हसत जाणारे विद्यार्थी. ते राहतात कुठे, हे एकाही पानावर नाही. मी आले तेव्हा कशीबशी एक खोली मिळाली आणि पुण्याच्या सवयीने पत्त्यात मी ऐटीत 'फ्लॅट नंबर ४' लिहिलं. विद्यापीठाचं पत्र दोनदा परत गेलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत हे रडगाणं ऐकून चकल्या वाढणाऱ्या काकू हसल्या. "अगं, इथे आकड्याला कुत्रं विचारत नाही. पेटीवर नाव लाव, नाव!" घरमालक लावू देत नाही म्हटल्यावर त्यांचं हसू गेलं. "आल्झो, तर मग सामान घेऊन ये. नीलची खोली रिकामीच आहे."

तेव्हापासून पेटीवर काकूंच्या 'सोहोनी'खाली कागदाच्या पट्टीवर माझं नाव होतं. माझ्या आधी दुसऱ्या कुणाचं, नंतर तिसऱ्या कुणाचं. त्या पत्त्यावर सरकारी नोंद, मग बँकेत खातं, मग कुठे माणूस म्हणून मोजणी!

पत्रकं वाटतच मी लहानाची मोठी झाले. खोल्यांच्या टंचाईवर एक जळजळीत पत्रक लिहून मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा वर सारला. "गेनाऊ, अगदी खरंय. पण नवी आलेली पोरगी आज झोपणार कुठे, ते कुठल्या ओळीत आहे?"

"काकू, तुमच्या एका खोलीने व्यवस्था बदलत नाही!"

"नाही बदलत. पण पत्रक उशाला घेता येतं का?"

हा वाद मिटला नाही... माझंही चूक नव्हतं, असं मला अजून वाटतं.

अंत्यविधीला सगळं मंडळ आलं. "असं माणूस पुन्हा होणे नाही," असं जो तो म्हणत होता. का होणे नाही? मी तिथेच विचारलं, स्नेहल कदम कुठे जाणार? यंदा आलेली ही मुलगी काकूंकडे जेमतेम तीन आठवडे राहिली होती. ते भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं आहे. मी आता राहते त्या वसतिगृहात दुसरं माणूस ठेवायला मनाई आहे, विचारून झालं. पाहुण्यांची खोली असलेल्या सगळ्यांना मात्र अचानक गाड्या पकडायच्या होत्या.

काल पेटीपाशी गेले. 'सोहोनी', आणि खाली काकूंच्या तिरक्या अक्षरात 'कदम'. घर आवरायला आलेला नील नखाने पट्टी खरवडू लागला आणि थांबला. "नोख निष्ट," म्हणाला. अजून नाही.

महिनाअखेरपर्यंत ती पट्टी तिथे आहे. श्रद्धांजलीची भाषणं झाली, आता पाहुण्यांची खोली झाडून घ्या. कागदाची एक पट्टी कापा, खाली आपल्या पेटीपाशी जा, आणि स्वतःच्या नावाखाली 'कदम' लिहून चिकटवा.