कडीपर्यंत गेलेली बाई

शेवंतीच्या टोपलीवर पाणी मारलं की ओला वास सुटतो आणि मला ते नाटक आठवतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. नाशिकच्या नाट्यगृहात पूजेला आमच्या मळ्यातल्या फुलांचे हार गेले, म्हणून दोन पास मिळाले. पूर्वी लोकांनी बंद पाडलेलं नाटक पुन्हा लागलं होतं. नवऱ्याच्या धाकाने कधी घराबाहेर न पडलेली बाई त्यात नवराबायकोतलं सगळं मोठ्याने बोलत होती. मागून शिट्ट्या आल्या. कुणी ओरडलं, "बायकामाणसं बसलीत इथं, पडदा पाडा!" मी श्वास रोखून बघत होते. ती दाराच्या कडीपर्यंत गेली, तोच आमच्या रांगेतल्या बायका उठल्या. शेजारची म्हणाली, "चला हो बाई, असलं काय बघत बसलात?" सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, म्हणून मीही उठले. मागोमाग हे आले. स्कूटरवर म्हणाले, "शोभलीस आमच्या घरची. मला वाटलं, बसतेस की काय." मी "छे" म्हटलं. आता मुलीला कॉलेजात तेच नाटक अभ्यासाला आहे. त्या बाईने कडी काढली का, एवढंच तिला विचारायचंय. पण ती घरी असते तेव्हा हेही समोर असतात; विचारलं तर मला तेव्हा उठायचं नव्हतं, हे ह्यांच्यादेखत सांगितल्यासारखं होईल.