जिनिंगमधला पंप
सरकीचा वास आला की मला अकोल्याची ती जिनिंग, कापसातून सरकी वेगळी करणारी गिरणी, आठवते. तेव्हा मी अमरावतीत पीएच.डी. करत होते. काचेवर सेंद्रिय रसायनाचा पातळ थर चढवायचा आणि चुंबकाजवळ नेल्यावर त्यातून वाहणारी वीज किती बदलते ते मोजायचं, असं काम होतं. भारनियमनात निर्वात पंप बंद पडला की थर वाया जायचा. जिनिंगला जनरेटर होता, म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळं यंत्र टेम्पोत घालून तिथे नेलं. मालकांना सगळे चाचा म्हणायचे. ते म्हणाले, "कापूस येऊन राहिला तोवर चालवा पंप, सर." हवेत तंतू उडायचे, म्हणून आम्ही खोलीच्या दाराला ओली गोणपाटं टांगली. थर आरशासारखे निघू लागले आणि कापसाच्या गाड्याच यायच्या थांबल्या. चाचा म्हणाले, "बोंडअळीनं खाल्लं सारं. आता जिन बंद, जनरेटरही बंद." पुढे तोंडी परीक्षेत पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, नमुने इतके कमी का? माझ्याआधी सरच बोलले, "त्या साली बोंडअळी होती." परीक्षक हसले. सर हसले नाहीत. आता मी परीक्षक म्हणून बसते, आणि समोर आपल्याकडचा विद्यार्थी असला की आधी पीकपाणी विचारते.