करटोलीचा कंद

बदलापुरात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा अख्ख्या इमारतीत तीनच घरांच्या खिडक्यांना पडदे होते. आमचे उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेले, भडक निळे. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. पाळी कुठलीही असो, दमून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मूल नव्हतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं आणि दिवसभरात मी मोठ्याने बोललेलं वाक्य म्हणजे दूधवाल्याला सांगितलेलं ‘उद्या अर्धाच लिटर’, एवढंच. कुणी विचारलं की मात्र मी ‘मजेत’ म्हणायची. थापा मला आधीपासूनच छान जमायच्या.

पावसाळ्यात रानभाज्या विकायला एक मावशी यायची. डोंगराखालच्या वाडीतली ठाकरीण, डोक्यावर पाटी, कमरेला कोयता. आधी टाकळा, मग कुरडू, मग करटोली. टाकळा निवडायला मी पहिल्याच वर्षी शिकले होते, तरी दर वर्षी नव्याने विचारायची, “मावशी, कोवळा कसा ओळखायचा गं?”

“बाय, तुज्या ध्यानातच रहात नाय काय!” म्हणत ती दारात फतकल मारून बसायची आणि एकेक पान खुडून दाखवायची. तेवढा अर्धा तास मिळायचा. तो लांबावा म्हणून मी चहा मंद आचेवर ठेवायची.

एका आषाढात मी हट्टाने तिच्याबरोबर रानात गेले. वाटेत वनखात्याचा गार्ड भेटला. वाळकी काटकी, पाला, फळं, डोक्यावर मावेल तेवढं न्या, त्याने बजावलं, पण खणायचं काही नाही. मावशीने मान डोलावली. त्याची पाठ वळल्यावर म्हणाली, “आमाला काय शिकवतो! कंदाला हात लावला तर पुढल्या साली काय खाऊ?” तिचे नियम त्याच्यापेक्षा कडक होते. वेलीवरचं पहिलं करटोलं तोडायचं नाही, शेवटची दोन पाखरांना ठेवायची. उतारावरची प्रत्येक वेल तिला ठाऊक होती. कुठली कुठून वर येते, हे तिने मला माती बोटाने सारून दाखवलं. मला म्हणजे मलाच. घरी येताना मी नुसती तरंगत होते.

दोन दिवसांनी मी एकटी गेले आणि स्वयंपाकघरातल्या कालथ्याने त्यातल्या एका वेलीचा कंद उकरून आणला. का, म्हणाल तर सांगायला लाज वाटते. पाटी संपली की मावशी जायची, पावसाळा संपला की वर्षभर यायची नाही. वेल तरी कुठे जाणार होती? डालड्याच्या डब्यात माती भरून मी ती गॅलरीत लावली आणि कठड्यावर चढवली.

श्रावणात वेल फुलली. फिकट पिवळी फुलं, प्रत्येकाच्या खाली इवलंसं काटेरी बोंड. मी रोज बघायची. बोंड पिवळं पडायचं आणि गळायचं.

मग एका सकाळी मावशी आली. पाटी नव्हती, कोयताही नव्हता. उतारावर कुणीतरी कंद खणलेला गार्डला दिसला होता. तिथे रोज जाणारी ही एकटीच, म्हणून त्याने हिलाच धरलं, कोयता काढून घेतला आणि पुन्हा त्या उतारावर पाय ठेवायचा नाही असं सांगितलं. “मी नाय खणला म्हनून शपथ घेतली, बाय. आयकलाच नाय. आता करटोली नाय व्हायची तुला, तेवढा सांगाया आले.”

मी पाणी आणायला आत वळले आणि तिला गॅलरी दिसली. तांब्या घेऊन आले तेव्हा ती वेलीकडेच बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“ही मादी हाय,” ती म्हणाली. “नर येगळा असतो. एकलीला फळ नाय धरत.”

आणि जिना उतरून गेली.

आठ दिवस मी स्वतःशीच वाक्यं जुळवत होते: गार्डला सांगायचं, कंद मी खणला, तिचा कोयता परत द्या. मग एका सकाळी डबा पिशवीत घालून, कालथा घेऊन उतारावर गेले. खड्डा तसाच होता. कंद त्यात ठेवून माती लोटत होते, तेवढ्यात मागून गार्डचाच आवाज आला.

“मॅडम, झाडं लावायला आलात का?” त्याने माझ्या हातातला कालथा पाहिला, चिखलाचे हात पाहिले आणि चक्क हसला. “चांगलं काम आहे. तुमच्यासारखे शिकलेले लोक आले पाहिजेत. या वाडीवाल्यांना कितीही सांगा, उपटायचंच कळतं.”

वाक्यं सगळी तोंडपाठ होती. उठून उभी राहिले, हात पदराला पुसले.

“हो,” मी म्हणाले. “झाडंच लावतेय.”

पुढच्या पावसाळ्यात टाकळा मी बाजारातून आणला आणि एकटीने निवडला.